साडेसहाचं टेबल

माझ्या सासूबाईंना त्यांच्या हॉस्पिटलात सगळे झिरोबाई म्हणत. कुठल्याही वॉर्डातून फोनवर शून्य दाबलं की त्या उचलत, म्हणून. रिसेप्शनच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तीत टेलिफोनचा बोर्ड, एक फिरती खुर्ची आणि कानाला लावायचा हेडफोन. डॉक्टर कुठे आहेत, रक्त मिळेल का, आयसीयूत जागा आहे का, शवागाराची किल्ली कोणाकडे, सगळं त्यांच्या कानावरून जायचं. जेवणाची सुट्टी होती, पण ती नियमात. प्रत्यक्षात डबा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये उघडा ठेवायचा, दोन घास घ्यायचे, बोर्डावर दिवा लागला की ड्रॉवर ढकलायचा आणि तोंडातला घास गालात सरकवून बोलायचं.

"गालात घास ठेवून 'नमस्कार' म्हणता येतं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "'हृदयरोग विभाग' म्हणता येत नाही. मी कितीतरी वर्षं प्रयत्न केला."

घरी वेगळं काही नव्हतं. माझे सासरे, म्हणजे बाबा, पाण्याचे पंप विकायचे. काम फिरतीचं, स्वभाव गप्पिष्ट. कधी उजेडात घरी यायचे, कधी सगळी गल्ली झोपल्यावर, आणि येताना दोन माणसं जेवायला घेऊन यायचे. बाबांच्या आई होत्या तोवर त्यांना मात्र दिवेलागणीलाच ताट लागे. माझ्या नवऱ्याला क्लासवरून आल्या आल्या भूक. त्यामुळे एकाच संध्याकाळी गॅस पुन्हा पुन्हा पेटायचा, आणि सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यापाशी उभ्याने खायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांना उभ्यानेच जेवायला आवडत असेल. घरातल्या बाकीच्यांचाही तोच समज होता. तशी कोणी चौकशी केलेली नव्हती.

त्या निवृत्त झाल्या. पुढे बाबांनी पंप सोडले. मग माझ्या नवऱ्याला बढती मिळाली आणि त्याने जाहीर केलं की आपण सगळे मोठ्या जहाजातून सफरीला जायचं. सगळे म्हणजे आई, बाबा, आम्ही दोघं आणि आमची मुलगी.

बुकिंग करताना नवरा जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसला होता. एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवत होता. खोली समुद्राकडची की आतली. उशी मऊ की कडक. मग आलं रात्रीच्या जेवणाचं. दोन पद्धती होत्या. एक म्हणजे ठरलेली वेळ. रोज तेच टेबल, तीच खुर्ची, तोच वाढपी. त्यातही दोन पंगती, साडेसहाची आणि साडेआठची. दुसरी म्हणजे मोकळी वेळ. हॉल उघडल्यापासून बंद होईपर्यंत कधीही जा, जागा मिळेल तिथे बसा.

"मोकळी," बाबा म्हणाले. "सुट्टीत घड्याळ कशाला?"

"मोकळी," नवरा म्हणाला आणि टिचकी मारणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझं ठरलेल्या वेळेचं लाव. साडेसहाचं."

नवरा हसला. "आई, तिथे पण ड्यूटी लावून घेतेस का? अगं, आयुष्यभर पाळ्या केल्यास, आता तरी मनमोकळं जेव."

"मोकळी वेळ म्हणजे कोणासाठी मोकळी?" आईंनी विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"मग नको."

कोणाला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. बाबा म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नकोस, तिथे गेल्यावर खूश होईल," आणि नवऱ्याने सगळ्यांचं मोकळंच लावून टाकलं. आई हात पुसत दारात आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे विषय संपला, असा आमच्या घरातला जुना अंदाज होता. तो त्या दिवशी चुकला.

जहाजावर चढलो त्या दुपारी मंडळी खोलीत सामान लावत होती. आईंनी बॅग उघडलीच नाही. खोलीचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि मला म्हणाल्या, "मी जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन येते. यायचं असेल तर चल. समजवायला येणार असशील तर नको."

मी गेले. हॉलच्या बाहेर एका छोट्या टेबलामागे व्यवस्थापक बसला होता. काळा कोट, गोड चेहरा. आईंनी त्याला काय हवं ते सांगितलं. त्याने संगणकात पाहिलं आणि मान हलवली. साडेसहाची पंगत पूर्ण भरली होती. साडेआठला जागा होती.

"साडेआठ नको," आई म्हणाल्या. "साडेआठ म्हणजे सगळ्यांचं सगळं आवरून झाल्यावरची वेळ. ती मला पाठ आहे."

"मग उद्या बघू या का? एखादं नाव रद्द झालं तर..."

"मी थांबते," असं म्हणून त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. आवाज चढवला नाही की चेहरा वाकडा केला नाही. पर्स मांडीवर ठेवून, हॉस्पिटलात बोर्डासमोर बसत असतील तशा ताठ बसल्या. मागे रांग लागली. लोक येत होते, कामं करून जात होते, आई बसलेल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. मी हळूच म्हणाले, "आई, जाऊ द्या ना." त्या म्हणाल्या, "आजवर जाऊच दिलंय."

बऱ्याच वेळाने त्या व्यवस्थापकाचा फोन वाजला. त्याने ऐकलं, संगणकात काहीतरी केलं आणि जरा अवघडून म्हणाला, "साडेसहाला एक जागा झालीय. गोल टेबल आहे, बाकी सगळे अनोळखी. पण एकच खुर्ची आहे, मॅडम. कुटुंबासाठी जमणार नाही."

"कुटुंबासाठी मी मागितली कुठे?" आई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाबा खोलीत लवंडले होते, मुलगी पोहण्याच्या तलावातून निघायला तयार नव्हती आणि नवरा वरच्या डेकवर फोटो काढत होता. आई अंघोळ करून, केस विंचरून, चांगले कपडे घालून तयार झाल्या. बाबांनी एक डोळा उघडला.

"अगं, एवढ्यात कुठे?"

"जेवायला."

"थांब की. सगळे मिळून जाऊ."

"तुम्ही या सगळे मिळून. माझी वेळ झाली."

बाबा उठूनच बसले. तेवढ्यात नवरा आला. त्याला कळल्यावर त्याचा चेहरा पडला. "आई, हे बरं दिसत नाही. आपण एकत्र वेळ घालवायला आलोय ना?"

"दिवसभर आहे की मी तुमच्याबरोबर," आई म्हणाल्या. "फक्त जेवताना मी जेवणार आहे." आणि दार ओढून घेतलं.

आमच्या मोकळ्या वेळेचं पहिलं जेवण मला चांगलं आठवतं. बाबा म्हणाले, अंघोळ करतो. अंघोळ झाल्यावर म्हणाले, दाढीही करतो. मुलीचे ओले केस मी पुसले. नवरा म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, आलोच, आणि तो आलाच नाही, म्हणून आम्ही हॉलच्या दारात उभे. दारात रांग. आत गेल्यावर टेबल मिळालं ते वाढप्यांच्या येण्याजाण्याच्या दाराशी. मुलीचा मासा मी काटे काढून दिला, बाबांना सूप खारट लागलं ते बदलून आणायला मी कोणाला तरी शोधत गेले, नवऱ्याला पाव हवा होता. सगळ्यांचं झाल्यावर मी माझ्या ताटलीकडे वळले. बटाटे गारढोण झाले होते. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आईंना स्वयंपाकघरात पडलेला 'मोकळी कोणासाठी?' हा प्रश्न आम्हाला टेबलाशी बसून ऐकू आला नव्हता.

आई खोलीत परतल्या त्या तुकतुकीत चेहऱ्याने. टेबलावर कोण कोण होतं ते मी विचारलं. फुलांचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणी होत्या, एकमेकींचं वाक्य पुरं करणाऱ्या. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस आणि त्याची बायको. आणि एक गप्प गृहस्थ, ज्यांची पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती आणि जे दर वेळी दुसऱ्याला आधी मीठ देत.

"आणि जेवण कसं होतं?" मी विचारलं.

"गरम होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी डेकवरच्या लांब खुर्च्यांवर पाय पसरून बसलो होतो. मी म्हटलं, "आई, बाबा फुरंगटून बसलेत. म्हणतात, लोक काय म्हणतील, नवरा एका वेळी जेवतो, बायको दुसऱ्या."

"लोकांना सांग, पूर्वीही तसंच होतं. फक्त माझी वेळ नंतरची होती."

मग समुद्राकडे बघत त्यांनी मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती घरात कोणालाच माहीत नव्हती. हॉस्पिटलाने त्यांना निरोपाचं जेवण दिलं होतं, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात, भाषणं आणि केकसकट. त्या दिवशी बोर्डावर बसायला येणारी बदली बाई आलीच नाही. वरून निरोप येत होते, या, या, सगळे थांबलेत. पण बोर्ड सोडून कसं जायचं? अपघाताची केस आली होती, फोन थांबत नव्हते. ती बाई धापा टाकत आली तोवर वर भाषणं उरकली होती. सफाईवाली खुर्च्या एकावर एक रचत होती. कोणीतरी आठवणीने केकचा तुकडा कागदी रुमालात बांधून ठेवला होता.

"माझ्या निरोपाचं जेवण मी बसमध्ये जेवले," त्या म्हणाल्या. "बसायला जागा मिळाली होती, एवढंच. आणि घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक केला. कोणाचा दोष नाही त्यात. ती बाई लेकराला ताप म्हणून उशिरा आली. अपघात झालेल्यांनी काय मुद्दाम वेळ निवडली? प्रत्येक वेळी कारण खरंच असतं, हीच तर गंमत आहे. कारणं खरी, माणसं चांगली, आणि मी उपाशी. तेव्हा बसमध्येच ठरवलं होतं, एकदा तरी मी अशी जेवेन की माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली असेल आणि मी कोणासाठी थांबणार नाही."

 

खरा भडका उडाला तो मोठ्या जेवणाच्या दिवशी. त्या संध्याकाळी सगळे नटूनथटून येतात, कॅप्टन टेबलाटेबलावर फिरतो, फोटो काढतात. नवऱ्याने व्यवस्थापकाला सांगून त्या दिवसापुरतं साडेआठचं टेबल धरलं होतं, कारण त्याआधी बाबांना जादूचे प्रयोग बघायचे होते. तो आईंच्या खोलीत आला तेव्हा मीही तिथे होते.

"आई, आज तू आमच्याबरोबर. साडेआठला. कुटुंबाचा फोटो आहे."

"फोटो साडेसहाला काढू या. या माझ्या टेबलापाशी."

"बाबांचे जादूचे प्रयोग आहेत."

"मग साडेआठला फोटोपुरती येते. उभी राहते, हसते. जेवून आलेली असेन."

"आई, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे." आता त्याचा आवाज चढला. "एवढे हट्ट तू कधी केले नव्हतेस."

"नव्हते केले," आई म्हणाल्या. "आणि तुझ्या क्लासची पण एकच संध्याकाळ असायची, बाबांच्या पाहुण्यांची पण एकच. मी कधी मोजल्या नाहीत. आता तूही मोजू नकोस."

तो माझ्याकडे वळला. मी मध्ये पडावं अशी त्याची अपेक्षा होती. "तू सांग ना तिला काहीतरी."

"मी काय सांगू?" मी म्हणाले. "मला तर वाटतं, पुढच्या वेळी माझंही साडेसहाचं लाव."

तो तरातरा निघून गेला. बाबांनी जादूचे प्रयोग बघितले नाहीत. साडेसहाला ते एकटेच हॉलमध्ये गेले, थेट आईंच्या टेबलापाशी. हे मला नंतर आईंनीच सांगितलं, आणि बाबांनीही सांगितलं, दोघांच्या सांगण्यात फार फरक नव्हता. टेबल भरलेलं. सूप नुकतंच वाढलेलं. बाबा उभे. आयुष्यभर ज्यांच्यासाठी कुठल्याही घरात पाट-खुर्ची सरकवली गेली, त्यांच्यासाठी त्या गोल टेबलाभोवती जागा नव्हती. गप्प गृहस्थ उठायला लागले. आईंनी त्यांना हाताने खाली बसवलं. वाढपी म्हणाला, मी एक खुर्ची जास्तीची लावतो. आई म्हणाल्या, "आज नको. ह्यांना खरंच यायचं असेल तर उद्यापासून नाव घाला. आणि ह्यांना सांगून ठेवा, वेळेवर यावं लागतं."

"सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केलास," बाबा म्हणाले.

"पाणउतारा कसला? हे माझे हे," आईंनी टेबलाला ओळख करून दिली. "पंप विकायचे. फार छान बोलतात. उद्या येतील."

बाबा वर जाऊन बुफेमध्ये सँडविच खाऊन आले. उभ्याने. टेबलं सगळी भरलेली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी ते गेले, पण जाता जाता वाटेत कोणीतरी गप्पांना भेटलं. टेबलापाशी पोचले तोवर सूपच्या ताटल्या उचललेल्या. "माझं सूप?" त्यांनी विचारलं. वाढप्याने आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "गेलं," आणि आपला मासा खात राहिल्या. बाबा बसले, होतं ते जेवले. पंप विकायला गेले आणि गप्पांत मध्यरात्र झाली, हा सगळीकडे हमखास हशा घेणारा किस्सा त्यांनी सांगितला. फुलवाल्या बहिणींपैकी एक म्हणाली, "मग त्या दिवशी घरी तुमच्यासाठी जेवायला कोण थांबलं होतं?" किश्शात तो भाग नव्हता.

त्यानंतर ते कधी वेळेवर गेले, कधी गेलेच नाहीत. शेवटच्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर जेवले, आई त्यांच्या टेबलावर. मोठ्या जेवणाला राहून गेलेला कुटुंबाचा फोटो तेव्हा काढला, पण त्यात आई नाहीत. त्यांचा वेगळा आहे, पाच अनोळखी माणसांबरोबर, आणि त्यात त्यांच्या तोंडात घास आहे. तोच त्यांनी फ्रेम करून घेतला.

घरी आल्यावर नवऱ्याला वाटलं, चला, सुट्टीचं खूळ सुट्टीत संपलं. पहिल्याच संध्याकाळी आईंनी स्वयंपाक केला, सगळं टेबलावर मांडलं आणि ठणकावून सांगितलं, "आठ वाजता मी जेवायला बसणार. जो येईल तो माझ्याबरोबर. जो येणार नाही, त्याने आपलं गरम करून घ्यायचं, आणि पातेलं घासायचं." आठला त्या बसल्या. मुलगी आणि मी बसलो. बाबा टीव्हीसमोर, नवरा फोनवर. आई जेवल्या, ताट उचललं, गॅलरीत जाऊन बसल्या.

काही दिवस घरात फार धुसफुस झाली. बाबांनी भाजी गरम करताना दोन पातेली करपवली. एकदा त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, वहिनींना बरं नाही का म्हणून. आईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. वजन वाढलंय." नवरा दोनदा माझ्यावर चिडला, की हे तुझंच शिकवणं. मी म्हटलं, माझं असतं तर मला अभिमान वाटला असता. फुलवाल्या बहिणींचा अधूनमधून फोन येतो. पुढच्या वर्षी त्या परत जहाजाने जाणार आहेत आणि आईंनी स्वतःच्या पेन्शनीतून पैसे भरलेत. बाबांना यायचं असेल तर त्यांनी त्यांचं बघावं, असं कळवून टाकलंय.

गेल्या आठवड्यात मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. घरी आले तेव्हा टेबल पुसलेलं होतं. आईंचं ताट धुऊन निथळत ठेवलेलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला लागलं. माझ्यासाठी तरी थांबल्या असत्या, असं मनात आलंच. मी पातेलं गॅसवर ठेवलं, तर आई गॅलरीतून आत आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"मी थांबले नव्हते हं," त्या म्हणाल्या. "मी जेवले. आता नुसती बसतेय तुझ्यासोबत."

मी ताट वाढून घेतलं आणि बसले. पहिला घास घेतला तोच बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, जरा पाणी देतेस का?" माझा हात आपोआप टेबलावर टेकला, उठायला.

आईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "जेव," म्हणाल्या, आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात पुढे म्हणाल्या, "ती जेवतेय."

बाहेर सोफा करकरला. नवरा आत आला, आमच्या दोघींकडे न बघता माठाशी गेला, पेला भरला आणि तिथेच उभा राहून प्यायला.

"बसून पी," आई म्हणाल्या.